अक्कांसाठी मांडलेली फरशी

आमच्या शेजारच्या गृहस्थांना कुणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळी गल्ली त्यांना सीटमास्तर म्हणते. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उमेदीचा सगळा काळ बसच्या सीटा शिवण्यात घालवला. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, बसून गेलेला फोम काढून नवा कापायचा, दाभणाने कडेचा गोट शिवायचा आणि बाक पुन्हा गाडीत नेऊन बोल्टांनी आवळायचा. हात असा की डोळे मिटून बोट फिरवलं तरी टाका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते सापडू नये. त्यांची बायको म्हणायची, "यांना उशी दिली तर आधी उलटी करून शिवण बघतात, मग डोकं टेकतात."

एवढ्या कसलेल्या हातांचा माणूस, पण एकदा असा गोंधळला की काही विचारू नका. आणि तो गोंधळ त्यांच्या एकट्याचा राहिला नाही. भिंतीपलीकडून बघता बघता आम्हीही त्यात सापडलो.

सुरुवात झाली ती त्यांची थोरली बहीण आली तेव्हा. अक्का. आई लवकर गेली तेव्हा याच अक्कांनी सीटमास्तरांना कडेवर घेऊन वाढवलं. पुढे त्यांचं लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, नवराही गेला, आणि त्या लांबच्या एका हमरस्त्याच्या वळणावरच्या घरात एकट्याच राहू लागल्या. भावाने किती वेळा बोलावलं, पण अक्का जागच्या हलल्या नाहीत. मग एका दुपारी मागच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. घोटा मोडला. हाका मारून घसा बसला, पण रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? दिवे लागायच्या सुमाराला दूधवाला आला तेव्हा त्या मातीत पडलेल्या सापडल्या.

सीटमास्तर त्यांना घेऊन आले. पायाला प्लास्टर, मांडीवर कापडी पिशवी. गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी सुनावलं,

"धाकट्या, आत्ताच सांगून ठेवते. प्लास्टर उतरलं की मी माझ्या घरी."

"अगं, आधी आत तर ये."

"आत येते रे. पण बाहेर कधी जायचं ते ठरवून येते."

सीटमास्तर हसले खरे. मला ते त्या संध्याकाळी भिंतीशी उभे राहून म्हणाले, "पुन्हा पडली तर? दूधवाला एखाद्या दिवशी आलाच नाही तर?" तेवढंच त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं. बहीण परत एकटी जाता कामा नये.

घरात अक्कांना चांगली खोली दिली होती. पण तिची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची. अक्का पलंगावर बसून म्हणायच्या, "भिंती अंगावर येतात रे. माझ्या घरी दार उघडलं की आभाळ असतं."

सीटमास्तरांनी ते वाक्य मनात गाठ मारून ठेवलं. आभाळ हवंय ना? मग आपल्या मागच्या फरशीवर काय कमी आभाळ आहे?

स्वयंपाकघराच्या मागे त्यांची फरसबंद मोकळी जागा होती. तिथे जुनी पाण्याची टाकी, मोडकी खाट, कपडे वाळवायच्या दोऱ्या आणि वर्षानुवर्षांची अडगळ. ती त्यांनी झाडून काढली. फरशी घासली. कुंपणाच्या भिंतीला फिकट पिवळा रंग दिला आणि तिच्याखाली कुंड्या मांडून वेल चढवले. वर जाड कापडाचं छत ताणलं. घरातली सगळी हाताशी धरली. बायको माती कालवायची, मुलगा कामावरून आला की खांब धरायचा, आणि सून खिडकीतून सूचना द्यायची.

"बाबा, चार खुर्च्या टाकल्या की झालं की."

"खुर्च्या?" सीटमास्तरांचा स्वर दुखावला. "खुर्च्या कुणीही टाकतं. मी असताना माझी बहीण विकतच्या खुर्चीवर बसणार?"

भंगारवाल्याकडून त्यांनी जुन्या गाड्यांचे बाक आणले. सांगाडे घासून रंगवले. फोम नवा, रेक्झिन गडद हिरवं, त्याला पांढरा गोट. कितीतरी दिवस त्यांच्या घरातून ठोकल्याचा आणि फाडल्याचा आवाज येत होता, आणि मधूनच शीळ. या माणसाला शीळ घालता येते हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग त्यांनी ते बाक मांडले. डावीकडे एकामागे एक, उजवीकडे एकामागे एक, मधे चालायला वाट. सगळ्यांची तोंडं कुंपणाच्या भिंतीकडे, म्हणजे वेलांकडे. प्रत्येक बाकाच्या पाठीला आणि पहिल्या बाकाच्या पुढ्यातही चकचकीत दांडा, का, तर अक्कांना उठताना धरायला. आणि दुखऱ्या पायाला हिसका बसू नये म्हणून सगळे बाक फरशीत बोल्ट मारून पक्के आवळले.

आम्ही गल्लीतली माणसं बघायला गेलो. सगळ्यांनी वाहवा केली. खोटं कशाला सांगू, मीही केली. त्या हिरव्या रेक्झिनवर हात फिरवला की मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटायचं.

अक्कांना धरून आणलं. पुढच्या बाकावर बसवलं. त्यांनी बूड हलवून बघितलं, दांडा धरून बघितला.

"मऊ आहे रे. फार मऊ आहे."

सीटमास्तरांचा चेहरा असा उजळला की छताखालचा दिवा लावायची गरज उरली नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. खोलीत होत्या तेव्हा अक्का घरी जायचं नाव दिवसातून एखाद्या वेळी काढायच्या. फरशीवर बसू लागल्या आणि तोंडात दुसरा विषय राहिला नाही.

"धाकट्या, अजून किती वेळ?"

"कशाला, अक्का?"

"कोण जाणे. तोंडून निघालं." जरा वेळाने पुन्हा, "माझं घर कुलूपबंद आहे रे. जायला हवं."

त्या पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. दोन्ही हातांनी तिचे बंद धरलेले. वहिनींनी, म्हणजे सीटमास्तरांच्या बायकोने, एकदा पिशवी काढून शेजारी ठेवली तर अक्कांनी दचकून पुन्हा उचलली. "असू दे गं. विसरायला नको."

"इथे कोण नेणार आहे ती?"

"ते खरं. पण धरून बसावंसं वाटतं."

सीटमास्तर विचारात पडले. बसायला कुठे टोचत असेल का? त्यांनी पुढचा बाक उसवला आणि आणखी फोम भरला. अक्का आणखी खोल रुतल्या आणि आणखी आतुरतेने घरची आठवण काढू लागल्या. मग त्यांना वाटलं, ऊन लागत असेल. दोन्ही अंगांना पडदे लावले. वारं अडू नये म्हणून त्या पडद्यांना डोक्याच्या उंचीवर चौकोनी झरोके कापले, ओळीने. अक्का झरोक्यातून बाहेर बघायच्या आणि म्हणायच्या, "हे आपलं तेच झाड आहे ना? मला वाटलं मागे गेलं असेल."

"झाड कसं मागे जाईल, अक्का?"

"तेच म्हणते मी!"

गप्पा मारायला यावं तर तिथे गप्पा रंगायच्या नाहीत. अक्का पुढे, आम्ही मागे. बोलायचं ते त्यांच्या अंबाड्याशी. वहिनी विणकाम घेऊन मागच्या बाकावर बसायच्या आणि थोड्याच वेळात त्यांची मान एका बाजूला पडायची. मी स्वतः एकदा तब्येत विचारायला गेलो, टेकलो, आणि जागा झालो तेव्हा तोंडातून लाळ आली होती. सून म्हणाली, "काका, तुम्हीही? इथे आलं की जो तो पेंगतो. आत्याच तेवढ्या टक्क जाग्या."

सीटमास्तरांना काही उमगेना. भिंतीशी येऊन मला विचारायचे, "रंग चुकला का हो? हिरव्याऐवजी तपकिरी हवा होता का? तुम्हाला काय वाटतं?" मला काय वाटणार? मी म्हणालो, "तपकिरी बघा." दुसऱ्या कुणी सांगितलं, कुंड्या वाढवा. तिसऱ्याने सांगितलं, कमी करा. त्यांनी आधी वाढवल्या, मग कमी केल्या. इकडे अक्कांच्या पायाची सूज उतरत चालली होती, आणि डॉक्टरांनी प्लास्टर काढायचा वार सांगून टाकला होता. शीळ कधीच बंद झाली होती.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी एक घंटी बसवली. अक्कांना काही हवं असेल तर हाक मारून घसा बसायला नको, वहिनींना ऐकू जावं. छताखालून बाकांच्या वरून दोरी नेली, स्वयंपाकघराच्या दाराशी पितळी घंटी टांगली. "दोरी ओढायची की झालं," असं अक्कांना समजावून ते कौतुकाने बाजूला उभे राहिले. तेव्हा दुपार टळली होती. मी भिंतीवर कोपरं टेकून बघत होतो. सून दारात होती, वहिनी मागच्या बाकावर पेंगत होत्या.

अक्कांनी वर बघितलं. दोरी हातात घेतली. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती दोनदा ओढली. टण्ण, टण्ण. आणि पिशवी छातीशी धरून, पुढच्या दांड्याला घट्ट पकडून, त्या भिंतीकडे बघत वाट बघू लागल्या.

काहीच झालं नाही. वेलाची पानं तेवढी हलली.

"धाकट्या," अक्का वळून म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा अगदी रडवेला झाला होता, "ही गाडी सुटत का नाही रे?"

सुनेच्या तोंडातून हसू फुटलं, ते तिने पदरात कोंबलं. वहिनी दचकून जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "आलं का?" त्यावर मला आवरलं नाही. आम्ही सगळे हसलो. अक्काही हसल्या, मग स्वतःच चमकल्या. "अगं बाई, मी काय बोलले हे?"

हसले नाहीत ते सीटमास्तर. ते मधल्या वाटेत उभे राहून इकडे तिकडे बघत होते. ओळीने बाक. पाठीला दांडे. बाजूला झरोके. डोक्यावर दोरी. जणू दुसऱ्या कुणी हे त्यांच्या घरात आणून ठेवलं होतं.

"मी हिच्यासाठी बस बांधली," ते हळूच म्हणाले. "बस. आणि वर विचारतोय, जायचं नाव का काढते."

"चांगली बांधलीस रे," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर मला वाटत राहिलं, आपण निघालोच आहोत. आता माझं ठिकाण येईल."

त्याच दिवशी त्यांनी पाने घेऊन सगळे बोल्ट सोडले, पडदे काढले, दोरी गुंडाळली. फरशी मोकळी झाली आणि बाक कोपऱ्यात एकावर एक चढले. आता खरं काम सोपं होतं असं कुणालाही वाटेल. बाक वेगळे मांडायचे, एवढंच तर. पण खरा गोंधळ तिथेच सुरू झाला.

"अहो, गाडीला तोंड असतं," ते मला कळवळून म्हणाले. "ड्रायव्हर जिकडे बघतो तिकडे सगळ्यांनी बघायचं. या फरशीला तोंड कुठे आहे? कुणीकडे बघून बसायचं माणसाने?"

वहिनी म्हणाल्या, समोरासमोर मांडा. मांडले. गुडघ्याला गुडघे लागले, आणि अक्का समोर बसलेल्या वहिनींना म्हणाल्या, "अशी काय बघतेस? माझी साक्ष घेतेस की काय?" मुलगा म्हणाला, गोल करा. बाक सरळसोट, गोल कसले होतात? मधे कोपरे आणि फटी राहिल्या, आणि जो तो उठताना अडखळायला लागला. कुणी सांगितलं भिंतीला पाठ लावून बसवा. बसवले, तर सगळे फोटोसाठी बसल्यासारखे दिसू लागले. सीटमास्तर रोज सकाळी बाक ओढायचे आणि रोज संध्याकाळी पुन्हा ओढायचे. फरशीवर चरे उमटले. घरच्यांना अंगणात पाऊल टाकताना आज वाट कुठून आहे ते आधी बघावं लागायचं.

अशातच प्लास्टर उतरलं. अक्का काठी टेकत दवाखान्यातून चालत बाहेर आल्या आणि परतीच्या वाटेवर ओळखीच्या गाडीवाल्याला सांगून मोकळ्या झाल्या, "उद्या सकाळी ये रे. मला माझ्या घरी सोड."

सीटमास्तर घरी येऊन फरशीवर उभे राहिले. एका बाकाचं एक टोक उचललं, अर्ध्यात सोडलं. पुन्हा उचललं. वहिनींना बघवेना. त्या दारातून म्हणाल्या,

"अहो, सगळ्या गल्लीला विचारून झालं. त्यांना विचारलंत का?"

"कुणाला?"

"अक्कांना. बसायचंय कुणाला?"

"काय विचारू?"

"कुठे बसायचं ते. दुसरं काय?"

सीटमास्तरांनी इतके बाक शिवले, पण बसणाऱ्याला कुणीकडे तोंड हवंय, असा प्रश्न त्यांच्या कामात कधी आलाच नव्हता. त्यांनी अक्कांना हात धरून आणलं आणि चाचरत विचारलं, "अक्का, तुला कुणीकडे बघून बसायचंय?"

अक्का काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. वेलांकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं. "मला तरी कुठे ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या. "घरी मी रस्त्याकडे बघून बसायचे. तिथे दुसरं हलतच नव्हतं काही." मग त्यांनी मान वळवली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, सून कुणावर तरी, बहुधा कुकरवर, चिडली होती. अक्कांनी काठी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे दाखवली.

"तिकडे."

"खिडकीकडे?" सीटमास्तर गडबडले. "अगं, मग वेल पाठीमागे जातील. भिंत एवढी रंगवली. आभाळ हवं म्हणाली होतीस ना?"

"आभाळ डोक्यावर आहे की. ते काय बघायला लागतं? आणि वेल असू देत पाठीला. वास पुढे येतो." जरा थांबून, काहीशा लाजूनच त्या म्हणाल्या, "बाहेर बसून आत बघावं, असं वाटतंय. आत माणसं आहेत ना रे."

बाक खिडकीसमोर लागला. अक्का बसल्या. आत सून, बाहेर अक्का, मधे नुसते गज.

"अगं, दूध वर आलं बघ."

"बघितलं हो, आत्या."

"बघत राहिलीस म्हणून तर सांडलं."

"तुम्ही बोलावलंत म्हणून मान वळवली!"

"मी नसते तेव्हा कुणामुळे सांडतं?"

"तेव्हा सांडतच नाही."

अक्का खळखळून हसल्या. सून आत पुटपुटली, "आता दिवसभर पहारा," पण तिनेच हात लांब करून खिडकीचं दुसरं दारही उघडलं. त्या दोघींचं जे सुरू झालं ते ऊन उतरेपर्यंत चाललं. कुणाचं माहेर, कुणाची शेजारीण, वाटण बारीक की जाड. मला भिंतीपलीकडे सगळं ऐकू येत होतं आणि माझं हातातलं काम तसंच राहिलं.

सकाळी गाडीवाला आला. हॉर्न दिला. अक्का खिडकीसमोर ताटात शेंगा निवडत होत्या.

"आज नको रे. एवढं निवडून व्हायचंय. उद्या ये."

तो उद्या आला. त्यालाही उद्याच मिळालं. असं होत होत तो वैतागला. "अक्का, रोज येतो, रोज रिकामा जातो. चेष्टा लावलीय का माझी?"

"तुला बोलावतं कोण?"

"तुम्हीच की! काल याच बाकावर बसून म्हणालात."

"म्हणाले असेन. माणूस काय काय म्हणतं. चहा घेतोस का?"

सीटमास्तरांना यातलं काहीच कळत नव्हतं. इतका मऊ फोम, पडदे, दांडे, त्याने जमलं नाही, आणि काजळी धरलेल्या एका खिडकीसमोर साधा बाक ठेवला तर बहीण हलेना. आणि हलेना म्हणजे तरी काय? राहणार आहे का? तोंडाने तर जाते म्हणते. विचारायचा धीर होईना, न जाणो विचारल्यावर उठायची. शेवटी त्यांनी बायकोला गाठून दबक्या आवाजात विचारलं,

"अगं, राहणार आहे का ती?"

"मला काय माहीत?"

"तुला काही बोलली असेल."

"मोरीतला नळ टपकतो, तो बदलून घ्या म्हणाल्या. आणि चांगला पितळी घाला, लवकर खराब होणारा नको." वहिनी त्यांच्याकडे बघून हसल्या. "जाणारं माणूस आपल्या नळाचं कशाला बघेल?"

"पण सकाळीच तर गाडीवाल्याला उद्या ये म्हणाली!"

"म्हणू देत की."

सीटमास्तर डोकं खाजवत फरशीवर आले. अक्का आणि सून खिडकीतून मिठावरून वाद घालत होत्या. वहिनीही पाट घेऊन दाराशी येऊन बसल्या आणि मीठ कमीच आहे म्हणून वादात पडल्या. सीटमास्तर मधे उभे राहिले.

"धाकट्या, उजेड अडतोय. बाजूला हो. बस कुठेतरी."

ते बाजूला झाले. उरलेले बाक भिंतीशी पडले होते. त्यांनी एक ओढून आणला, अक्कांच्या शेजारी लावून बघितला, मग जरा तिरपा केला, मग आणखी जरा तिरपा केला. हात टेकवून ते वाकलेले तसेच राहिले.

"अक्का," त्यांनी विचारलं, "मी कुणीकडे तोंड करून बसू?"

पण आत कशाला तरी फोडणी बसली होती. तिघी एकाच वेळी बोलत होत्या, आणि त्यांचा प्रश्न कुणालाच ऐकू गेला नाही.